दाढ ठणकण्याआधीची वर्षे: कीड कशी वाढते आणि कोणत्या टप्प्यावर काय करावे

गेल्या द्राक्षहंगामात निफाडकडच्या एक बागायतदार ताई माझ्या दवाखान्यात आल्या, तेव्हा रात्रभराच्या जागरणाने त्यांचे डोळे लाल झाले होते आणि उजवा गाल कानापर्यंत सुजला होता. खुर्चीत बसता बसता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, परवापर्यंत काहीसुद्धा नव्हतं हो, एकाएकीच उठलं हे." आरसा घालून पाहिले तर खालच्या पहिल्या दाढेच्या मधोमध मसुरीचा दाणा सहज मावेल एवढा खड्डा होता, त्याच्या कडा तपकिरी पडल्या होत्या आणि तळाशी भाकरीचे कण अडकून बसले होते. बोलता बोलता सगळा इतिहास उलगडला. तीन वर्षांपूर्वी त्या दाढेला थंड पाणी लागू लागले, तेव्हा त्यांनी त्या बाजूने चावणे सोडून दिले. पुढे एकदा दाढेचा टवका उडाला. मागच्या दिवाळीत ती चार दिवस ठणकली आणि मग आपोआप थांबली, म्हणून त्यांना ती बरी झाली असे वाटले. परवा उठलेली कळ ही या गोष्टीची सुरुवात नव्हती, शेवटाकडचे प्रकरण होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार कायमच्या दातांतील उपचार न झालेली कीड जगातल्या सुमारे २०० कोटी लोकांना आहे. इतका सर्रास आढळणारा हा आजार बहुतेक वेळा अत्यंत सावकाश वाढतो आणि त्याच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर त्याला अडवण्याची जागा असते. ती जागा ओळखता यावी, एवढ्यासाठीच हा लेख मी लिहीत आहे.

आधी एक गैरसमज दूर करू

आपण ‘दाताला कीड लागली’ म्हणतो आणि या शब्दामुळे दात पोखरणारी अळी डोळ्यांसमोर येते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड काढून दाखवणारे लोक याच समजुतीवर आपला धंदा करतात. भांड्यात पडलेले जे पांढरे धागे ते दाखवतात, ते तापून फुटलेल्या बियांमधून बाहेर आलेले असतात, दाढेतून नव्हे. दातात अळी कधीच नसते. असते ते जिवाणूंनी तयार केलेले आम्ल, आणि दाताला भोक पडते ते कुरतडल्याने नव्हे, तर आम्लात विरघळल्याने. हा फरक नीट लक्षात घ्यावा, कारण अळी मारायची म्हटले की माणूस औषध शोधतो; आम्ल रोखायचे म्हटले की त्याला आपल्या खाण्यापिण्याच्या वेळा आणि ब्रश यांच्याकडे वळावे लागते.

पायरी पहिली: दातावरचा थर स्वतः पाहा

आज रात्री झोपण्यापूर्वी, दात घासण्याआधी, आरशासमोर उभे राहून वरच्या दाढेच्या बाहेरच्या अंगाला, अगदी हिरडीला लागून, नखाने हलकेच खरवडा. नखावर पांढरट-पिवळसर, मऊ आणि चिकट असा थर येईल. तो अन्नाचा कण नाही. तो जिवाणूंचा थर आहे. दात कितीही स्वच्छ घासला तरी काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा त्यावर चढतो आणि त्यावर काही तासांत जिवाणू वस्ती करू लागतात. रोज पुसून काढला तर हा थर कोवळाच राहतो. तसाच राहू दिला तर तो जाड होत जातो, त्यात आम्ल तयार करणारे जिवाणू बळावतात आणि लाळेतले क्षार साचून काही दिवसांत त्याचे किटण होऊ लागते, जे पुढे ब्रशने निघत नाही आणि दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते.

नुसती चूळ भरून हा थर जात नाही, कारण तो दाताला चिकटलेला असतो. तो घासूनच काढावा लागतो. जेवणानंतर खळखळून चूळ भरण्याची आपली पद्धत चांगलीच आहे, तिने अन्नाचे कण निघतात, पण तिला दात घासण्याचा पर्याय समजू नये.

पायरी दुसरी: गोड किती खाता यापेक्षा किती वेळा खाता ते मोजा

माझ्या मते संपूर्ण विषयात सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट हीच आहे. दाताचे वरचे आवरण, ज्याला दंतवल्क किंवा इनॅमल म्हणतात, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. तरीही तोंडातला सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका खाली, तितके आम्ल जास्त) सुमारे ५.५ च्या खाली उतरला की हे आवरण विरघळू लागते. आपण काही गोड खाल्ले की थरातले जिवाणू त्या साखरेचे आम्ल बनवतात, पाच-दहा मिनिटांत सामू खाली येतो, आणि तो पुन्हा वर चढायला अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. हा वेळ लाळेच्या कामाचा असतो. लाळ आम्ल सौम्य करते आणि तिच्यातले कॅल्शियम व फॉस्फेट दाताला परत मिळते. म्हणजे दातातून खनिजे जाणे आणि परत येणे ही देवघेव दिवसभर चालूच असते. कीड लागते ती परत येण्याला पुरेसा अवधी न मिळाल्यामुळे.

आता सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या माणसाचा दिवस घ्या. पहाटे घरी एक चहा, कंपनीच्या गेटबाहेर टपरीवर एक कटिंग, दहाच्या सुट्टीत एक, जेवणानंतर एक, चारला एक आणि घरी परतल्यावर एक, असे सहा गोड चहा झाले, तर प्रत्येकी निदान अर्धा तास धरला तरी त्याचे दात तीन तास आम्लात राहिले. मधून बिस्किटे आणि गोड सुपारी असली की हा हिशेब दुप्पट होतो. तेवढीच साखर त्याने दोन वेळच्या जेवणाबरोबर घेतली असती, तर दातांचे नुकसान कितीतरी कमी झाले असते.

बागेत काम करणाऱ्यांचे थोडे निराळे आहे. तोडणीच्या दिवसांत बागायतदाराला मण्यात साखर किती उतरली हे ब्रिक्समध्ये तोंडपाठ असते. अठरा ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे १८ ग्रॅम विरघळलेले घटक, आणि त्यातली बहुतेक साखरच असते. त्यात द्राक्ष मुळातच आंबट-गोड, म्हणजे त्याचे स्वतःचेही आम्ल असते. मी द्राक्षे खाऊ नका असे मुळीच म्हणत नाही. नाशिकमध्ये राहून ते म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. पण दिवसभर येता-जाता घडातले मणी तोंडात टाकण्याऐवजी ती एका बैठकीत खावीत, वर पाणी प्यावे आणि लगेच ब्रश करू नये, कारण आम्लाने मऊ पडलेला पृष्ठभाग घासल्याने झिजतो. अर्धा तास थांबावे. बेदाण्यांबाबत मात्र मी अधिक सावध करीन. ते दाढेच्या खाचांत चिकटून बसतात आणि तासन्‌तास तिथेच राहतात. शाळेच्या डब्यात पौष्टिक म्हणून रोज बेदाणे देणाऱ्या आयांनी ते जेवणाबरोबर द्यावेत आणि मुलांना नंतर चूळ भरायला लावावी. चिक्की आणि दातांना चिकटणाऱ्या चॉकलेटांनाही हाच नियम लागू होतो. झोपताना लहान मुलांना देण्यात येणारी खोकल्याची गोड पातळ औषधे सहसा कोणाच्या हिशेबातच येत नाहीत. ती दिल्यावर दात पुसून किंवा घासून घ्यावेत.

पायरी तिसरी: रात्रीचा ब्रश हाच मुख्य ब्रश

झोपेत लाळ फार कमी होते. दिवसा जी लाळ आम्ल धुऊन नेते, ती रात्री जवळपास रजेवर असते, आणि म्हणून थर आणि गोडाचा अंश घेऊन झोपलेल्या माणसाच्या दातांना सहा-सात तास कोणीही वाली नसतो. आपल्याकडे सकाळी उठल्याबरोबर दात घासण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि रात्रीची नाही. दोन्ही वेळा घासावेतच, परंतु कंटाळा करायचाच झाला तर तो सकाळी करावा, रात्री नव्हे.

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्यावा. तो हिरडी आणि दात जिथे भेटतात त्या रेषेवर तिरका, साधारण ४५ अंशांत टेकवावा, म्हणजे काही केस हिरडीच्या कडेखाली जातील, आणि एका वेळी दोन-तीन दातांवर अगदी छोट्या हालचालींनी, जोर न लावता फिरवावा. बाहेरची बाजू, आतली बाजू, चावण्याची बाजू असा क्रम ठरवून ठेवला की एकही कोपरा सुटत नाही. सगळे मिळून दोन मिनिटे लागतात. घड्याळ लावून पाहिले तर बहुतेकांना कळेल की आपण पाऊण मिनिटातच आटोपते घेतो. खालच्या दाढांची जिभेकडची बाजू आणि वरच्या शेवटच्या दाढांची गालाकडची बाजू या दोन जागा मला बहुतेक तोंडांत घाण सापडतात. वरच्या शेवटच्या दाढेपर्यंत पोचण्यासाठी तोंड मोठे उघडू नका, उलट अर्धे मिटा, म्हणजे गाल सैल पडून ब्रशला जागा होते.

पेस्ट फ्लोराइडची असावी. आपल्या देशातल्या नियमानुसार पेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण दहा लाख भागांत १००० भागांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ते प्रमाण ट्यूबवर व खोक्यावर छापावे लागते. विकत घेताना ते वाचा. फ्लोराइडमुळे खनिजे दातात लवकर परततात आणि परतलेला भाग आम्लाला अधिक टिकाव धरतो. घासून झाल्यावर फेस थुंकून टाका, पण पाण्याने भरपूर चुळा भरून पेस्टचा अंश धुऊन काढू नका. आपल्या सवयीच्या हे अगदी उलट आहे आणि पहिले काही दिवस तोंडाला विचित्र वाटते, पण दाताशी राहिलेले थोडेसे फ्लोराइडच रात्रभर काम करते.

दोन दाढांच्या मधल्या फटीत ब्रश जात नाही आणि कित्येक खड्डे तिथूनच सुरू होतात. तिथे दिवसातून एकदा फ्लॉसचा दोरा किंवा फटीसाठीचा बारीक ब्रश फिरवावा. सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी आणि टाचणी यांनी हिरडी फाटते, म्हणून ती वापरू नयेत. कडुनिंबाची काडी कोवळी असली आणि नीट चावून तिचा कुंचला केला तर पुढचे दात ती घासते, पण दाढांच्या आतल्या अंगाला ती पोचत नाही आणि तिच्यातून फ्लोराइडही मिळत नाही. राखुंडी आणि विटेची पूड तर सोडूनच द्यावी. तिने दात पांढरे दिसतात ते आवरण घासले गेल्यामुळे, आणि या आवरणात जिवंत पेशी नसल्याने झिजलेला भाग परत कधीही वाढत नाही.

पायरी चौथी: कीड कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखा

पहिली खूण खडूसारखा पांढरा डाग ही असते. महिन्यातून एकदा, दिवसाच्या उजेडात, ओठ वर करून दात स्वच्छ रुमालाने कोरडा करा आणि हिरडीलगत पाहा. ओल्या दातावर न दिसणारा निस्तेज, चमक गेलेला पांढरा पट्टा कोरड्या दातावर उठून दिसतो. याचा अर्थ तिथली खनिजे निघून गेली आहेत, पण वरचा पृष्ठभाग अजून अखंड आहे. दुखत नाही, टोचत नाही, म्हणून याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आणि नेमका हाच असा टप्पा आहे जिथून दात परत फिरू शकतो. दोन वेळचा फ्लोराइड ब्रश, गोडाच्या वेळा कमी करणे आणि दंतवैद्याकडून लावून घेतलेले फ्लोराइडचे व्हार्निश एवढ्यावर ही कीड थांबते. ड्रिल लागत नाही.

इथे दुर्लक्ष झाले तर काही महिन्यांत किंवा काही वर्षांत आवरण फुटते आणि आम्ल आतल्या, आवरणाहून मऊ अशा दंतिनात पोचते. दंतिनात आल्यावर कीड आडवी पसरते. वरून टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका दिसतो, आणि आत मात्र वाळवी लागलेल्या चौकटीसारखी पोकळी झालेली असते. एक दिवस शेंगदाणा चावताना वरचे आवरण आत कोसळते आणि लोक म्हणतात, दाण्याने दाढ तुटली. या टप्प्यावर थंड, गोड लागले की सणक जाते आणि काही सेकंदांत थांबते. आता दाढ आपोआप बरी होणार नाही, पण सिमेंट भरून ती पूर्ण वाचते. खर्च, वेळ आणि त्रास या तिन्ही दृष्टींनी उपचारांची ही शेवटची स्वस्त वेळ आहे.

त्यानंतर जिवाणू दाताच्या आतल्या जिवंत नसेपर्यंत पोचतात. तेव्हा कळ कारणाशिवाय उठते, गरम चहाने वाढते, कित्येक मिनिटे राहते आणि रात्री आडवे झाल्यावर ठणका असह्य होतो. आता नुसते भरून भागत नाही. रूट कॅनल करून आतली नस काढावी लागते आणि बहुधा वर कॅप बसवावी लागते.

आणि मग तो फसवा दिवस येतो, जेव्हा दुखणे थांबते. निफाडच्या ताईंची दिवाळीतली दाढ अशीच थांबली होती. दुखणे थांबते याचे कारण नस मेलेली असते. मेलेल्या नसेला दुखत नाही. संसर्ग मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरत राहतो आणि काही महिन्यांनी गळू होऊन बाहेर पडतो. म्हणून खूप ठणकलेली दाढ औषधाशिवाय शांत झाली, तर त्या आठवड्यातच दाखवून एक्स-रे काढून घ्यावा.

मुले: सहाव्या वर्षीची दाढ

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या सर्व दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्या आधी कोणताही दात पडत नाही, म्हणून आईवडिलांना ती आल्याचे कळतच नाही, किंवा तीही दुधाची आहे असे ते धरून चालतात. ती कायमची असते आणि पडली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. तिच्या खाचा खोल आणि अरुंद असतात, आणि ती पुरती वर येईपर्यंत मुलाचा ब्रश तिच्यापर्यंत टेकत नाही. ती दिसू लागताच दंतवैद्याकडून तिच्या खाचा सीलंटने बुजवून घ्याव्यात. सुई नाही, ड्रिल नाही, काही मिनिटांचे काम आहे. मुलाचे दात सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच घासून द्यावेत. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे वाक्य ऐकले की मला खरोखर वाईट वाटते. दुधाच्या दातांचे आवरण पातळ असते, त्यामुळे त्यांतली कीड झपाट्याने नसेपर्यंत जाते, मूल जेवत नाही, झोपत नाही. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात सरकून कायमच्या दाताची वाट अडवतात. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नये. अंगणवाडीत व शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जी तपासणी होते, तीत दातही पाहिले जातात. पथकाने चिठ्ठी दिली तर ती दप्तरात विसरू नये.

मिश्री, औषधे आणि उतारवय

दिंडोरी-निफाडच्या बागांत पेठ-सुरगाण्याहून कामाला येणाऱ्या अनेक बायाबापड्या सकाळी मिश्रीनेच दात घासतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. पेस्ट आणि मंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून देशात बंदी आहे, पण तव्यावर भाजलेली मिश्री घरोघरी चालूच आहे. तिच्यातल्या निकोटिनाने दुखणे तात्पुरते बधिर होते, म्हणून ती औषधी वाटते. प्रत्यक्षात हिरड्या खाली सरकतात आणि दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर कठीण आवरण नसते, त्यामुळे ते कमी आम्लानेही विरघळते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच आहे.

उतारवयात हिरड्या तशाही सरकलेल्या असतात. त्यात रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि कीड हिरडीच्या कडेने गोल फिरते. तोंड कोरडे पडत असेल तर घोट घोट साधे पाणी प्यावे, खडीसाखर चघळू नये, आणि गोळ्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे. मधुमेह असेल तर हिरड्यांची तपासणी वर्षातून दोनदा करून घ्यावी.

आज रात्रीच दुखते आहे, तर

कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करा, खड्ड्यातले अन्न दोऱ्याने काढा. लवंगेच्या तेलाचा एक थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन खड्ड्यात ठेवला तर त्यातल्या युजेनॉलने कळ काही तास कमी होते. तेल हिरडीवर ओतू नये. डोकेदुखीची गोळी गालात धरून ठेवू नका, तिने आतली कातडी भाजते. गालाला बाहेरून शेक देऊ नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून सूज दाबू नका, कारण दाढेतला उगम तसाच राहतो. सुजेबरोबर ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वासाला त्रास होऊ लागला, किंवा सूज डोळ्याकडे वा जबड्याखाली गळ्याकडे उतरली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. एरवी ज्यांना खाजगी दवाखान्याचा खर्च पेलत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयाचा दंतविभाग आहे, आणि पंचवटीतल्या दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी कमी दरात उपचार करतात; वेळ जास्त लागतो, पण काम तपासून घेतले जाते.

त्या ताईंचे गळू आधी मोकळे केले, मग तीन बैठकांत रूट कॅनल झाले आणि मार्चअखेर, तोडणी आटोपल्यावर, कॅप बसली. जाताना मी त्यांच्या हातात आरसा दिला आणि कॅपची कड हिरडीला जिथे टेकते ती रेषा बोटाने दाखवली. कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेखाली स्वतःची दाढ असते आणि तिथे थर साचला तर तीच दाढ पुन्हा किडते. फक्त नस नसल्यामुळे या वेळी ती दुखून सांगणार नाही. म्हणून त्या रेषेवर रोज रात्री ब्रश तिरका टेकवायचा आणि सहा महिन्यांनी एक्स-रेसाठी यायचे, हे त्यांच्या कार्डावर लिहून दिले.